पोटाकडची बाजू

शेषेरावांनी बुटाचं खोकं मांडीवर घेतलं होतं आणि लातूर सोडल्यापासून ते एकदाही खाली ठेवलं नव्हतं. अहमदपूरला एसटी थांबली, लोक चहाला उतरले. शेजारचा प्रवासी म्हणाला, काका, ठेवा की सीटवर, कोण नेतंय. ते नुसते हसले आणि बसून राहिले. खोक्यात कापूस होता आणि कापसात फूटभर लांबीचं प्लॅस्टिकचं लढाऊ विमान. मिग-एकवीस, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं. त्यात शेषेरावांचे आठ महिने गेले होते. आणि उरलासुरला डोळाही, असं त्यांच्या पत्नी कस्तुराबाई म्हणायच्या.

लोह्याला त्यांच्या मनात आलं, उतरावं आणि समोरून येणाऱ्या गाडीनं परत जावं. नांदेडला वाट बघणाऱ्या संगप्पांना फोन करून तब्येत बरी नाही म्हणून सांगावं. ते खोटंही झालं नसतं. पण मे महिन्याच्या उन्हात उतरायचाच कंटाळा आला. बसून राहणं सोपं होतं, म्हणून ते नांदेडला पोचले.

एकतीस वर्षं त्यांनी लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून काढली होती. विमानांचा नाद मात्र कुणाला सांगितला नव्हता. घरात पुस्तकांच्या कपाटामागं एक लहान टेबल, त्यावर दिवा, भिंग, कानस, ब्रश. याआधी चौदा विमानं झाली, चौदाही कपाटात बंद. पाहुणे आले की कस्तुराबाई म्हणायच्या, यांचं काहीतरी चिकटवणं चालू असतं. शेषेरावांनाही त्यापलीकडं काही सांगता यायचं नाही.

सांगून तरी कुणाला पटलं असतं? विकत आणलेले सुटे भाग जोडले की विमान होतं, असं लोकांना वाटतं. होतं, पण ती विमानाची अफवा असते. साचा करणाऱ्यानं कुठंतरी हात आखडता घेतलेला असतो. खऱ्या विमानावर पत्र्यांचे सांधे बारीक खाचेसारखे असतात, या साच्यात ते उंचवटे होऊन आले होते. शेषेरावांनी ते सगळे घासून काढले आणि आराखड्यावरून मापं घेत सुईनं एकेक रेघ नव्यानं कोरली. पायलटची खुर्ची म्हणजे नुसता पाट होता. तिला गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या चांदीचे पट्टे कापून लावले, पट्ट्यांना तांब्याच्या तारेच्या कड्या केल्या. नाकावरची वेग मोजायची नळी साच्यात काडीएवढी जाड आणि बरोबर मधोमध होती. ती काढून तिथं इंजेक्शनची सुई बसवली, तीही केसभर उजवीकडं, कारण फोटोत ती उजवीकडं होती. त्या केसभरासाठी नऊ दिवस गेले.

हे शेवटचं होतं. जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी चौकटींचा कागद पुढं धरून विचारलं, रेघा सरळ दिसतात का? मधल्या रेघा पाण्यात धरल्यासारख्या वाकल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग झिजतोय. इंजेक्शनांनी वेग कमी होईल, गेलेलं परत यायचं नाही. तेव्हापासून खिडकीचे गजही वाकडे दिसत. आपण कोरलेली रेघ वाकडी आहे की आपला डोळा, हे त्यांना कळेनासं झालं. मुळातच ज्याचा स्वतःवर भरवसा कमी, त्याच्यावर ही पाळी.

म्हणून त्यांनी ठरवलं होतं, एकदा तरी एक विमान ज्याला कळतं त्याला दाखवायचं. आणि कळणारा एकच माणूस त्यांच्या ओळखीचा होता.

संगप्पा आणि ते जळकोटच्या शाळेत एका बाकावर होते. संगप्पा पुढं हवाई दलात गेले. पायलट म्हणून नव्हे, विमानांची देखभाल करणारे फिटर म्हणून. राजस्थानातल्या एका तळावर अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली मिग-एकवीसच होतं. निवृत्तीनंतर नांदेडला सिडकोत राहायला आले. गेल्या सप्टेंबरात हवाई दलानं या विमानाला निरोप दिला, तेव्हा शेषेराव योगायोगानं त्यांच्याच घरी टीव्हीसमोर होते. सोहळा अर्धा झाला आणि संगप्पांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, चल, जेवू. जेवताना तो विषय निघाला नाही. लातूरला परतल्यावर शेषेरावांनी चार वर्षं पडून असलेलं मिगच्या सुट्या भागांचं खोकं उघडलं. संगप्पांनी विमान हातात घेऊन बरोबर आहे म्हटलं की झालं. मग डोळ्यानं काय करायचं ते करावं.

दुपारी संगप्पा बाहेरच्या खोलीत कूलरसमोर बनियनवर बसले होते. वहिनींनी पाणी दिलं, भाऊजी लई सुकलात म्हणाल्या, कस्तुराबाईंना आणलं नाही म्हणून रुसल्या. शेषेरावांना खोकं उघडायला अर्धा तास लागला. आधी उन्हाचं, मग गुडघ्यांचं, मग जळकोटच्या कोण कोण गेलं त्याचं बोलून झालं.

“त्याच्यात काय हाय रे?” शेवटी संगप्पांनीच विचारलं. “का हिला चपला आणल्यास?”

शेषेरावांनी दोन्ही हातांनी विमान बाहेर काढून पुढं केलं.

संगप्पांनी ते घेतलं, उजेडाकडं धरलं. आणि मग शेषेरावांनी आठ महिन्यांत एकदाही कल्पिलं नव्हतं ते केलं. काचेखालची खुर्ची बघितली नाही, नाकावरची सुई बघितली नाही. तव्यावरची भाकरी उलथावी तसं विमान तळहातावर उलटं केलं.

“जपून,” शेषेराव पुटपुटले. “पुढं सुई आहे.”

संगप्पांचं लक्ष नव्हतं. ते विमानाच्या पोटावरून अंगठा फिरवत होते. नाकाकडून शेपटाकडं, पुन्हा शेपटाकडून नाकाकडं. चाकांची दारं होती, तोफेची पेटी होती, बाकी सगळं गुळगुळीत. राखी रंगाचे चार हात एकावर एक दिलेले.

“हेच्यावर काहीच न्हाई?”

शेषेराव सांगू लागले. पुस्तकांत वरून आणि बाजूनं काढलेल्या आकृत्या मिळाल्या, पोटाची नीट एकही मिळाली नाही. फोनवर दोन सापडल्या, त्या एकमेकींशी जुळेनात. साच्यावरच्या रेघा वरच्या अंगाला चुकलेल्या होत्या, म्हणजे खालीही चुकलेल्याच असणार. तेव्हा त्या घासून टाकल्या आणि चुकीचं कोरण्यापेक्षा कोरं ठेवलं. तसंही टेबलावर उभं केलं की पोट कुणाला दिसत नाही.

हे शेवटचं बोलायला नको होतं, हे त्यांना बोलता बोलताच कळलं.

“वरून नवरदेव केलास तू हेला,” संगप्पा म्हणाले, “अन् खाली धोतरच न्हाई.”

आत वहिनी हसल्या. शेषेरावही ओशाळं हसले. संगप्पा मात्र हसत नव्हते.

“पायलट यायचा, वर चढायचा, काच लावायचा, जायचा. ती खुर्ची मी कितीदा पाहिली असंन? माझं सगळं हितं हाय.” त्यांनी बोटानं पोटावर टिचकी मारली. “अकरा वर्सं हेच्या खाली पडून काढली. पाठीला फरशी, तोंडावर तेल. लोक इचारतात, पायलट व्हता का? न्हाई म्हणलं की दुसरं बोलाया लागतात.”

मग म्हणाले, “आठ महिने तू पुस्तकं धुंडून राहिला. मी हितं चार तासांवर बसलेलो. मला का न्हाई इचारलंस?”

विचारलं असतं तर आपल्याला येत नाही हे दिसलं असतं, ही एक गोष्ट. पण तिच्या खाली दुसरी होती आणि ती जास्त वाईट होती. एकतीस वर्षं कुणी काही विचारलं की त्यांचे पाय आपोआप पुस्तकांच्या कपाटाकडं वळायचे. कपाटात नाही म्हणजे कुठंच नाही. ती गोष्ट सिडकोतल्या एका घरात बनियनवर बसलेली असेल, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. बाकावरच्या मित्राच्या बाबतीतही नाही.

“ध्यानात आलं नाही,” ते म्हणाले.

संगप्पांनी विमान तसंच उलटं टीपॉयवर ठेवलं आणि हात धुवायला गेले.

जेवताना वहिनी आंब्याच्या भावाबद्दल बोलत राहिल्या. शेषेरावांना वाटत होतं, चारची गाडी धरावी, खोकं कपाटात टाकावं, दार लावावं. इतकंच तर उरलं होतं. त्यांच्या बसल्या जागेवरून टीपॉय दिसत होता आणि त्यावर चाकं वर करून पडलेलं विमान, मेलेल्या पाखरासारखं. आठ महिन्यांत आपणही त्याला असं कधी पाहिलं नाही, हे त्यांना आत्ता जाणवलं.

त्यांनी डाव्या हातानं खिशातली वही काढून ताटाशेजारी ठेवली.

“संगप्पा, पुढच्या चाकाच्या मागं पहिलं झाकण कुठं येतं?”

संगप्पा भाकरी मोडत राहिले. वहिनी एकदा यांच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होत्या.

“जेवू दे,” संगप्पा म्हणाले. पण त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही.

हात पुसत ते टीपॉयपाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि डोळे मिटले. पाठीवर पडलेल्या माणसासारखे त्यांनी दोन्ही हात डोक्यावर हवेत उचलले आणि तिथंच चाचपू लागले. चाकाच्या दारापासून एक वीत मागं, डाव्या अंगाला, हातभर लांब चौकोनी झाकण. त्याला सहा स्क्रू, त्यातला एक कायम अडकायचा. त्याच्या मागं चार बोटांवर लांबट पट्टी. शेषेराव भराभर लिहीत होते. वीत म्हणजे बावीस सेंटिमीटर, भागिले अठ्ठेचाळीस, म्हणजे साडेचार मिलिमीटर. पेन्सिलीनं राखी रंगावर ठिपके पडू लागले. हे शेपटापर्यंत चाललं. एकदा संगप्पा अडखळले, हात खाली घेतले, पुन्हा वर नेले आणि म्हणाले, “न्हाई, ते उजव्या अंगाला.” शेषेरावांनी ठिपका पुसला.

चार वाजून गेले. शेषेरावांनी कस्तुराबाईंना फोन करून राहतो म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. डोळ्यातलं औषध पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात टाकलंय, एवढंच सांगितलं.

“कोर आता,” संगप्पा म्हणाले.

“लातूरला नेऊन कोरतो.”

“लातूरला न्हेलं की तू पुना पुस्तकात बघशील.”

वाटेत काही निखळलं तर म्हणून सुई, जाड चिकटपट्टी, पॉलिश पेपर पिशवीत होतंच. शेषेरावांनी ते बाहेर काढलं, सुई हातात धरली आणि बसून राहिले. ठिपके एकमेकांत मिसळत होते. मग त्यांनी डोळ्याचं सांगितलं. चौकटींचा कागद, वाकलेल्या रेघा, सगळं. कस्तुराबाईंशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. रेघ ओढली तर ती सरळ आली की नाही हे मला दिसणारच नाही, असं म्हणून त्यांनी सुई खाली ठेवली.

संगप्पांनी लगेच काही धीर दिला नाही. नाक खाजवलं, विचार केला.

“आमी तरी कुठं बघत व्हतो?” ते म्हणाले. “झाकणातून हात खांद्यापर्यंत आत जायचा. डोकं शिरत नसायचं, बॅटरी शिरत नसायची. आत नट फिरवायचा, त्याला तार वळायची, सगळं बोटानं. सुटली तर वर माणूस मरंल. तू पट्टी लाव. सुई पट्टीच्या कडंला टेकव अन् डोळे मीट. उघडे ठेवलेस की ते मधी मधी करतेत.”

शेषेरावांनी पहिल्या दोन ठिपक्यांवर पट्टी चिकटवली. तिची कड नखानं तपासली. चार हात राखी रंग, प्रत्येक हात वाळायला एक रात्र. आता त्यातून सुई जायची होती. त्यांचे खांदे दुखत होते, मान आखडली होती, आणि अशा अठरा रेघा बाकी होत्या. त्यांनी डोळे मिटले. सुई पट्टीला टेकवली आणि ओढली. पुन्हा ओढली. तिसऱ्या वेळी खाली प्लॅस्टिक लागल्याचं बोटांना कळलं. धुळीची बारीक वळी वर आली.

पट्टी सोलून त्यांनी विमान संगप्पांकडं दिलं आणि डोळे उघडून भिंतीकडं बघत राहिले.

संगप्पांनी अंगठ्याचं नख रेघेत घातलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, परत आणलं. धूळ फुंकली. पुन्हा एकदा नेलं. मग विमान शेषेरावांच्या हातात उलटंच ठेवलं आणि स्वतःचे हात पहिल्यासारखे हवेत उचलून डोळे मिटले.

“फुडचं,” ते म्हणाले.