घोरपडीचं बहुमत

"मान नको, मॅडम. शेपूट फिरवतो, पंजा उचलतो, म्हणाल ते करतो. पण मानेला हात लावायला सांगू नका."

मेलेली जनावरं पेंढा भरून उभी करणारे पेंढावाले काका हे तिसऱ्यांदा म्हणाले. संग्रहालयाच्या नव्या संचालिका वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. स्वभावाने वाईट म्हणावं तर तशाही नाहीत. काका आत आले की स्वतः उठून खुर्ची पुढे करणाऱ्या. अशा माणसाशी भांडताही येत नाही, हीच तर पंचाईत.

"पण काका, मान वळल्याशिवाय ती जबड्यात येणार कशी?"

मॅडमनी टेबलावरचं चित्र त्यांच्यापुढे सरकवलं. चित्रात अठरा फुटी घोरपड होती. हजारो वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीशी झालेली. तिच्या जबड्यात वाघाची मान होती. फायबरची घोरपड चार खोक्यांतून आली होती आणि जोडूनही झाली होती. वाघ इथलाच. काकांचा.

हे दोघे एकमेकांना जन्मात भेटलेले नाहीत, दोघांच्या मुलुखांमध्ये समुद्र होता, हे काकांनी पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं होतं. "म्हणून तर मजा आहे," मॅडम म्हणाल्या होत्या. "झालीच असती लढाई, तर कोण जिंकलं असतं? लोकांनाच विचारू." मग दोन महिने दारात चिठ्ठ्यांची पेटी. घोरपडीला चार हजारांवर मतं पडली, वाघाला कशीबशी सहाशे. त्यातल्या अकरा चिठ्ठ्या काकांनी टाकल्या होत्या, अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहून. चहा पिता पिता बायकोला हे सांगितलं, तर तिला हसू आवरेना.

"अहो, अकराच? मला सांगायचं ना! शंभर लिहून दिल्या असत्या. दुपारभर घरात माश्याच तर मारते मी."

एकतीस वर्षांपूर्वी शेजारच्या प्राणिसंग्रहालयातला म्हातारा वाघ गेला आणि काकांच्या हाती आला. त्यांचं वय तेव्हा सत्तावीस, पहिलं मोठं काम. सगळ्यांना वाटलं, पोरगा जबडा वासलेला वाघ करणार. काकांनी तो पाण्यावर वाकलेला केला. मान खाली, कान जरासे मागे, जिभेचं टोक काचेच्या पाण्याला टेकतंय न टेकतंय असं. सदतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पोपट भरले, पाणमांजरं भरली, एक करकोचा तर दोनदा भरला. पण 'हे मी केलं' असं ज्याच्याकडे बघून वाटावं, असा हा एकच. आरडाओरडा करत आलेली शाळेची पोरंसुद्धा त्याच्यापुढे येऊन गप्प व्हायची.

"पण मान वळवली तर कातडं फाटेल का, ते तरी सांगा," मॅडम म्हणाल्या.

काकांनी खाली बघत सांगितलं. कातडं आतून तासून पातळ करावं लागतं. वाघ वाकला की मानेवर तीन वळ्या पडतात, त्या उठून दिसाव्यात म्हणून ते तिथे तासतच गेले. "तरुण होतो. हाताला थांब म्हणणारं कुणी नव्हतं. कांद्याच्या सालीएवढं राहिलंय तिथं. चूक माझीच." हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आधीच्या साहेबांना नाही, बायकोलाही नाही.

मॅडमनी चित्र स्वतःकडे ओढून घेतलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "म्हणजे ते कधीतरी फाटणारच होतं ना, काका? तुम्हाला जड जात असेल तर मी बाहेरचा माणूस बोलावते."

झालं. परक्या माणसाची सुरी त्या मानेला लागणार, हे काकांना सोसणारं नव्हतं. त्यांनी होकाराची मान हलवली.

चार दिवस त्यांनी वाघाच्या मानेभोवती ओली फडकी गुंडाळली. वरून प्लास्टिक. तासातासाला उघडून बोटांनी चाचपायचं. पाचव्या दिवशी सकाळी आतलं लाकूड कापलं, पेंढा मोकळा केला आणि मान वळवायला घेतली.

"बस रे राजा, एवढंच. अजून थोडंसं."

मान तीन बोटं वळली. चार बोटं वळली. मग ओला कागद सुटावा तसं कातडं उघडलं. आवाजसुद्धा झाला नाही. तिन्ही वळ्या गेल्या. वीतभर भगदाडातून पिवळा पेंढा दिसायला लागला.

त्यांनी सुई घेतली. टाका घालावा तर भोकाचीच नवी चीर व्हायची. चार टाक्यांनंतर सुई खाली ठेवून ते जमिनीवर बसले आणि रडले. लपवायचं कुणापासून, वाघापासून?

दुपारी मॅडम आल्या. काका उठून उभे राहिले. "फाटलं, मॅडम." बाईंनी आता चार शब्द सुनवावेत, खरंच सुनवावेत, असं त्यांना वाटत होतं.

मॅडम वाकून बघत राहिल्या. "काका, शिवू नका हं. अगदी असंच ठेवा. दात बरोबर इथंच लागलेत असं वाटतंय! तो पेंढा तेवढा झाका आणि थोडं लाल करा."

उद्‌घाटनाला ही गर्दी लोटली. काकांची बायको पहिल्या रांगेत. पोरं घोरपडीच्या नावाने ओरडत होती. एका बातमीदाराने विचारलं, "जखम इतकी खरी कुणी केली?" तशी मॅडमनी काकांना हाताला धरून पुढे आणलं.

"ही आमच्या काकांची कमाल. सदतीस वर्षांचा हात आहे."

टाळ्या झाल्या. अख्ख्या नोकरीत काकांसाठी कधी टाळी वाजली नव्हती. सगळ्यांत जोरात बायको वाजवत होती. मान फाटल्याचं त्यांनी घरी तिला सांगितलं नव्हतं. ती पुढे आली, डोळे पुसत हळूच म्हणाली, "बघा, शेवटी नाव काढलंत."

"कशी केलीत पण?" बातमीदाराने वही उघडली.

काकांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. ते इतकं फुललं होतं की त्यांना दुसरं काही बोलता येईना.

"लाल रंगाचे दोन हात दिले," ते म्हणाले. "पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा."