एकविसावं कार्ड

आसाराम पोस्टमन सायकल बांधाला टेकवून लांबूनच हाळी द्यायचा, "रंगनाथराव, टपाल!" वस्तीवरची कुत्रीसुद्धा आता त्या हाळीला भुंकेनाशी झाली होती. घोडेगावच्या अलीकडे, सडकेपासून कोसभर आत असलेल्या त्या चार घरांच्या वस्तीवर एवढं टपाल दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. आणि त्यात कामाचं एखादं पत्र असेल तर शपथ!

सारा दोष रंगनाथचा. तीन वर्षांपूर्वी बाजारातून आणलेल्या भेळीच्या कागदावर त्याला एक कोडं दिसलं. चौकोन भरा आणि ट्रान्झिस्टर मिळवा. बायको सातवी पास. तिने घटकाभरात चौकोन भरले आणि त्याने मोठ्या हौसेने खाली नाव-पत्ता घालून कागद पाठवून दिला. ट्रान्झिस्टर काही आला नाही. पण तो पत्ता कुणाकुणाच्या वहीत चढला देव जाणे, तेव्हापासून घरात कागदांची रीघ लागली. ताकदीच्या गोळ्या, केस काळे करायचं तेल, गजकर्णावरचं मलम, घरबसल्या शिवणकाम शिका. रंगनाथचे केस तेव्हा काळेभोर होते आणि घरात गजकर्ण बैलालासुद्धा नव्हतं.

त्या कागदांचं त्याच्या बायकोला, पुष्पावतीला, काही ओझं नव्हतं. ती ते फळीवर भांड्यांखाली अंथरी. उरलेल्यांची गोळी करून चुलीत सारी. ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिरातीवर चूल मात्र झटकन पेटायची, तेवढाच त्यांचा गुण.

ओझं होतं ते देवाच्या कार्डांचं. कोण धाडतं ते कळायची सोय नसे. वर '॥ श्री देवी प्रसन्न ॥', आणि खाली दर वेळी तेच. दक्षिणेत देवीच्या गाभाऱ्यात पांढरा नाग निघाला व पुजाऱ्याशी बोलला. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत एकवीस जणांना लिहावे. एकाने लिहिले, त्यास शेतात हंडा सापडला. एकाने फाडले, त्याची बैलजोडी बसली. थट्टा समजू नये.

पुष्पावतीची सासू छबूबाई हिला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण कार्ड देवाचं की माणसाचं हे ती सुनेच्या आवाजावरून ओळखी. देवाचं असलं की सुनेने हातातलं काम टाकून बसायचं आणि एकवीस कार्डं लिहायची. ती टपालात पडली की मूळ कार्ड ओढ्याच्या वाहत्या पाण्यात सोडायचं. ते ना चुलीत घालायचं, ना उकिरड्यावर टाकायचं. वस्तीत लिहिता येणारी बाई ही एकटीच, म्हणून शेजारणीही आपापली कार्डं पदराखाली घेऊन येत. शिकलेली सून आणली म्हणून छबूबाईची मान ताठ, आणि लिहून लिहून सुनेच्या बोटाला घट्टा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ओढा आटला, विहिरीचा तळ दिसला, बैल छावणीत गेले आणि रंगनाथ दूर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायला गेला. त्या दिवसांत पुष्पावतीचा मच्छिंद्र दहा महिन्यांचा होता. एका सोमवारी सकाळी त्याला हगवण लागली, आणि त्याच दुपारी आसारामने देवाचं कार्ड आणून दिलं.

पुष्पावतीने लेकराला कडेवर घेतलं होतं, पायांत वहाणा घातल्या होत्या. सडकेवर जाऊन नगरची एस.टी. गाठायची, एवढंच तिच्या मनात होतं. छबूबाईने उंबऱ्यात हात आडवा लावला.

"देवाचं पत्र दारात आन् तू पाय भाईर काढती? आधी येकवीस ल्हिव. ते ल्हिवशील तर पोराला दवाखान्याची गरजच पडायची न्हाई."

पुष्पावती बसली. मांडीवर पोर, पुढ्यात कार्डं. ती का बसली, ते तिला पुढे कितीदा तरी स्वतःला विचारून सापडलं नाही. सासूचा धाक होता, घरात पुरुष माणूस नव्हता, आणि खरं सांगायचं तर देवीची भीती तिच्याही पोटात होतीच. मंगळवारी सांजेला एकविसावं कार्ड झालं. बुधवारी आसाराम ती घेऊन गेला आणि मग कुठे दोघी एस.टी.त बसल्या. दवाखान्यातला डॉक्टर लेकराच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून म्हणाला, "काल का नाही आणलं?"

मच्छिंद्र त्याच रात्री गेला.

दहाव्या दिवशी केर काढताना तिला देवाच्या फळीखाली ते मूळ कार्ड सापडलं. सोडायचं तर वाहतं पाणी दहा कोसांत नव्हतं. तिने ते दोन बोटांत धरलं आणि सरळ चुलीत घातलं. छबूबाईने किंकाळी फोडली. ती ऐकून शेजारणी धावल्या आणि जळतं कार्ड साऱ्यांनी पाहिलं.

आधी लेकरू गेलं, मग कार्ड जळालं. दोनच गोष्टी, पण पाणवठ्यावर त्यांची अदलाबदल व्हायला महिना लागला नाही. पुढे छबूबाईसुद्धा तसंच सांगू लागली, आणि सांगता सांगता तिला ते खरंही वाटू लागलं. पुष्पावतीने एकदा रंगनाथला विचारलं, "तुमी तरी सांगा, आधी काय झालं आन् मागनं काय झालं?" तो खाली बघत म्हणाला, "आता ते उकरून काय करायचं?" वाईट नव्हता बिचारा, पण त्याचा आईपुढे तोंड उघडायचा वकूबच नव्हता.

पुढच्या साली पाऊस झाला. ओढा वाहू लागला, बैल घरी आले, पुष्पावतीला दिवस गेले. सातवा महिना लागला आणि माघात एके दिवशी आसारामने मलमाच्या जाहिरातीसोबत एक कार्ड दिलं. शिक्का श्रीगोंद्याकडचा होता.

"वाच," छबूबाई म्हणाली.

पुष्पावती नेहमीसारखी धाड धाड वाचत सुटली. नाग निघाला, हंडा सापडला, बैलजोडी बसली. "नेवासे तालुक्यातील एका शिकलेल्या सुनेने हे पत्र चुलीत घातले. सात दिवसांत तिचे तान्हे मूल दगावले." वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मग तिला त्याचा अर्थ लागला.

छबूबाई डोळे मोठे करून बघत होती. "पार श्रीगोंद्यापतुर गेलं," ती म्हणाली. "देवीनं नाव काढलं आपल्या घराचं. आता तरी गुमान ल्हिव. पोटात दुसरं हाय."

पुष्पावतीने कार्ड फळीवर ठेवलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. लिहावं तर आपणच आपल्या लेकराला मारलं हे आपल्याच हाताने एकवीस वेळा लिहायचं, एकवीस गावांना कळवायचं. न लिहावं, आणि बाळंतपणात काही कमीजास्त झालं, तर मग जन्मभर तोंड वर करायला जागा नाही. आणि न लिहून सगळं नीट होईल अशी खात्री तिलाही कुठे होती? रात्री पोटातलं लेकरू हललं नाही की ती उठून बसायची आणि पोट चाचपत राहायची. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उंबऱ्यावर सासू. छबूबाई सहा दिवस त्या उंबऱ्यावरून हलली नाही. सुनेला पाण्याला जाऊ देईना, शेतावर जाऊ देईना. कोरी कार्डं आणि पेन पाटावर मांडून ठेवलं होतं, आणि तिने स्वतः एका वेळचं जेवण सोडलं होतं.

"आई सहा दिवस येकयेळ उपाशी हाय," रंगनाथ म्हणाला. "ल्हिवून टाक की. तुजं काय जातंय?"

सहाव्या दिवशी दुपारी पुष्पावती पाटापुढे बसली. पहिलं कार्ड घेतलं, श्री घातला. नाग लिहिला, हंडा लिहिला, बैल लिहिले. पुढच्या ओळीवर पेन थांबलं. छबूबाई उंबऱ्यावरून तिच्या हाताकडे टक लावून होती. तो हात थांबलेला तिला दिसत होता, पुढे तो काय लिहील ते तिला कुठून कळणार! पुष्पावतीला हे आजवर कधी सुचलंच नव्हतं. एवढ्या वर्षांत तिने काना-मात्रा न बदलता कार्डं उतरवली होती.

तिने लिहिलं : 'नेवासे तालुक्यातील एका सुनेचे मूल आजारी असता तिने दवाखान्यात न जाता दोन दिवस बसून हे पत्र एकवीस जणांना लिहिले. एकही कमी लिहिले नाही. मूल दगावले. त्याचे नाव मच्छिंद्र. तरी मूल आजारी असल्यास आधी दवाखान्यात न्यावे, पत्र मागाहून लिहावे. थट्टा समजू नये.'

मग ती थांबली नाही. वीस कार्डांवर वीस पत्ते घातले, मामाचा, नणंदेचा, श्रीरामपूरच्या मावशीचा. एकविसाव्या कार्डावर तिने आपल्याच घराचा पत्ता लिहिला, आणि नाव घातलं छबूबाईचं.

छबूबाईने कार्डं देवापुढे मांडली. एकेका कार्डाच्या कोपऱ्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, आणि या खेपेला कुणावर भरवसा न ठेवता स्वतः गावात जाऊन शाळेच्या भिंतीवरच्या पेटीत टाकली. परत आली ती हसतमुख. तिने सुनेच्या पोटावर हात ठेवला. "आता काय भ्या न्हाई बघ," म्हणाली. त्या हातात माया होती. पुष्पावतीला तो हात झटकून टाकावासा वाटला आणि तसाच राहू द्यावासाही वाटला. ती नुसती उभी राहिली.

चौथ्या दिवशी आसारामची हाळी आली. पण या वेळी तो "छबूबाई, टपाल!" म्हणाला. छबूबाईला उभ्या जन्मात कुणी पत्र लिहिलं नव्हतं. तिने लगबगीने कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि तिचा चेहरा उतरला. कोपऱ्यावर कुंकवाचं बोट होतं. वाकडं, अर्ध्या पेराचं. विळ्याने कापल्यापासून तिचं ते बोट तसंच उमटायचं.

"हे बोट तर माजं हाय," ती म्हणाली. "आपलंच कार्ड. माघारी कसं आलं? वाच."

पुष्पावतीने वाचलं. नागापासून वाचलं, हंडा आणि बैल वाचले. आवाज कुठे चढवला नाही आणि एक शब्द गाळला नाही. 'त्याचे नाव मच्छिंद्र' हेही वाचलं, आणि शेवटपर्यंत वाचलं.

छबूबाई खाली बसली. आपलं ते अर्धं बोट दुसऱ्या हाताने चोळत राहिली.

"आन् सासूचं?" तिने विचारलं. "सासूचं काय ल्हिवलंय त्यात?"

"कायबी न्हाई, आत्याबाई."

"का न्हाई ल्हिवलं?"

सारं वर्ष पुष्पावतीने मनातल्या मनात सासूला हजार वेळा सुनावलं होतं. एकवीस कार्डं लिहिताना मात्र पेन त्या शब्दाकडे वळलंच नव्हतं.

"देवाचं पत्र आलंय ना?" छबूबाईचा आवाज चिरका झाला होता. "मंग पुन्यांदा येकवीस ल्हियाची. आन् त्यात ल्हिव. सासूनं उंबऱ्यात हात आडवा लावला. ती सून जात हुती, सासूनं जाऊ दिलं न्हाई. ल्हिव आसं."

तिने उठून स्वतःच पाट मांडला, कार्डं आणून ठेवली, पेन सुनेच्या हातात दिलं, आणि समोर भिंतीला टेकून बसली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते पुसायला तिने पदर उचलला नाही.

पुष्पावतीने श्री घातला. नाग लिहिला, हंडा लिहिला, बैल लिहिले, पण पुढे 'सासू' लिहायला तिचा हात चालेना.