पाणपोईचं पहिलं पाणी

भगवंतरावांच्या अंगणात उन्हं उतरायच्या आधीच चरक्या सुरू झाल्या. बाया लाकडी दांडा फिरवीत होत्या. रुई पुढे येत होती, सरकी मागे पडत होती. ओसरीवर मनकर्णाबाई रुईतला काडीकचरा वेचत बसल्या होत्या. माघात धनी भगवंतराव गेले आणि आता चैत्र सरत आला होता, पण त्या अजून एकदाही रडल्या नव्हत्या.

अमरावतीतले लोक म्हणत, बाई मोठी खंबीर. खंबीर कसली? त्यांना काही जाणवतच नव्हतं. भाकर ताजी की शिळी, पायाखालची फरशी तापली की नाही, हेही समजत नव्हतं. कोणी काही विचारलं की त्या “बरं” म्हणत, आणि त्या एका शब्दावर घर चाललं होतं.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिथला कापूस यायचा थांबला आणि इकडे वऱ्हाडातल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. कालपर्यंत घोंगडीवर दिवस काढणारा कुणबी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवू लागला. भाव चढला तशी लबाडीही चढली. वजन वाढावं म्हणून रात्रीतून कापसावर पाणी मारायचं आणि ओल्या गाड्या मुंबईच्या दलालाच्या गळ्यात बांधायच्या, हा तर रिवाजच झाला. भगवंतरावांनी ते कधी केलं नाही. उलट कोणाच्या गाडीत ओला कापूस निघाला तर भर बाजारात ती उलटी करून वाळत घालायला लावत. अकोल्यापर्यंतचे व्यापारी त्यांचा माल न उघडता घेत.

आणि हाच माणूस पटकीच्या साथीत दुकान बंद करून कापसाच्या गाड्यांतून आजारी माणसं वाहत होता. ज्यांना घरच्यांनी टाकलं त्यांच्या तोंडात पाणी घालत होता. त्यात त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. मागे राहिली सून वच्छला, अजून अंगाची हळद नीट उतरली नव्हती अशी पोर. भगवंतरावांनी वर्षभर वाट पाहिली, मग तिला समोर बसवून विचारलं आणि अंजनगाव सुर्जीच्या सहदेवशी तिचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, ठरवला. सहदेव पानमळेवाला, पहिली बायको बाळंतपणात गेलेला, शांत स्वभावाचा. सुपारी फुटली, शब्द दिला गेला आणि थंडीतच भगवंतराव तापाने गेले.

त्या सकाळी धाकटे दीर नत्थुजी ओसरीवर आले. नवं उपरणं, कपाळाला गंध. हल्ली ते रोज गंध लावत.

“वयनी, ठरलं,” ते म्हणाले. “कापसाच्या बाजारात दादाच्या नावाची दगडी पानपोई. काम होत आलं. आखजीले उघडाची.”

“बरं.”

“पानी द्याले कोनी उपरं नाई बसवाचं. घरची सून बसन. साऱ्या बाजाराले दिसू द्या, भगवंतरावाचं घर कसं हाय ते.”

“बरं.”

“मंग ते अंजनगावचं बंद करा लागन. मी निरोप धाडला त्याईले.” नत्थुजींनी आवाज खाली घेतला. “पाट लावनारं घर नाई रायलं आता आपलं, वयनी. तालेवार लोकं येऊन बसते या ओसरीवर. त्याईच्यात कोनी सुनेचा पाट लावते काय? अन् पोरीचे केस बी काढा लागन. केस असलेल्या रांडव बाईच्या हातचं पानी मोठी मानसं पीत नाईत. तुमचं वय झालं, तुमाले कोनी काई म्हनत नाई.”

चरकीचा एक आवाज थांबला. तिथे वच्छला बसली होती.

मनकर्णाबाईंनी रुईतून एक काडी काढली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “बरं.”

नत्थुजी काही दुष्ट नव्हते. भावावर त्यांचा जीव होता. दगडाला टाकीचा घाव पडताना ते स्वतः उन्हात उभे राहत. पण पैसा आला की माणसाला आधी आपल्या जुन्या चालींची लाज वाटू लागते. आजी-पणजीच्या काळापासून चालत आलेला पाट एकाएकी हलका वाटू लागतो. मग मेलेल्याला मान द्यायचा म्हणून जिवंत पोरीचा गळा दाबायलाही मागेपुढे पाहिलं जात नाही, आणि वर सगळे त्याला पुण्य म्हणतात.

दुपारी वच्छला सासूजवळ येऊन बसली. तिच्या हातात फणी होती.

“आत्याबाई, भाऊकाका म्हनत होते ते आयकू आलं ना तुमाले?”

“आलं.”

“अन् तुमी बरं म्हनलं.”

“म्हनलं.”

वच्छला थोडा वेळ फणीचे दाते बोटांनी चाचपत राहिली. “तुमी म्हनलं तं मी काई बोलत नाई,” ती म्हणाली आणि उठून फणी कोनाड्यात मागे, हात पोचणार नाही अशी सारून आली. मनकर्णाबाईंनी ते पाहिलं. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, एवढं त्यांना कळलं. पण काही वाटलं नाही. त्यांनी पुन्हा रुई पुढे ओढली.

आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची असते. त्या दिवशी बाजारात मांडव पडला. नव्या पाणपोईत रांजण रांगेने बसले होते, पितळी ओगराळं घासून ठेवलं होतं, दाराला आंब्याचं तोरण होतं. व्यापारी बैठकीवर, गाडीवान उन्हात. सुनेला आणि सासूला मांडवाच्या कडेला बसवलं होतं. अंजनगावहून सहदेवही आला होता. मांडवासाठी पानांचे करंडे आणले, असं तो म्हणत होता. त्याच्यासोबत त्याची विधवा आई पार्बताबाई होती. नत्थुजींचा निरोप त्यांना पोचला होता. पण म्हातारीचं म्हणणं असं, शब्द ज्या घरानं दिला त्या घरच्या बाईनं तोंडानं नाही म्हणावं, मग आम्ही वापस जाऊ.

भाषणं सुरू झाली. एकाने भगवंतरावांना धर्मराज म्हटलं, दुसऱ्याने कर्ण. मनकर्णाबाई परक्या माणसाबद्दल ऐकावं तसं ऐकत होत्या. त्यांचे धनी कर्ण नव्हते. त्यांना भाकरीबरोबर कच्चा कांदा लागे, आणि चिडले की ते कान खाजवत. ते कोणीच सांगत नव्हतं.

मग एक पिकल्या मिशांचे अडते उठले. त्यांना भाषण करता येत नव्हतं. “म्या लय येळा कापसाले पानी मारलं,” ते म्हणाले. “भगवंतरावानं माही गाडी इथंच उलटी केली होती. तो म्हने, पानी तहानेल्याले द्याचं असते बावा, कापसाले नाई.” एवढं बोलून ते खाली बसले.

मनकर्णाबाईंना तो आवाज ओळखीचा वाटला. अडत्याचा नव्हे, त्याच्या आतला, धन्यांचा. त्यांनी मान वर केली.

पाणपोईच्या बाजूला घोंगडी अंथरलेली होती. मोठ्या माणसांना डोळ्यांनी दिसावं म्हणून तिच्यापाशी न्हावी धोपटी सोडून बसला होता. नत्थुजींनी खूण केली तसं कोणीतरी पहिल्या रांजणाचं झाकण काढलं, ओगराळं बुडवलं आणि ते पाणी न्हाव्याच्या वाटीत ओतलं. केस भिजवायला.

म्हणजे पाणपोईचं पहिलं पाणी तहानेल्याला गेलंच नाही.

वच्छला उठली. कोणी तिला ओढलं नाही. ती आपणहून घोंगडीकडे चालू लागली, आणि ते पाहणं सगळ्यांत कठीण होतं. मनकर्णाबाईंच्या छातीत काही हललं नाही, डोळेही भरले नाहीत. पण पाय उठले. त्या सुनेच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. वाकून त्यांनी ती वाटी उचलली आणि तोरणाखालच्या मातीत रिकामी केली.

“वयनी, काय करून राहिले तुमी?” नत्थुजी धावत आले.

“भाऊजी, त्याईनं जल्मभर कापसाले पानी मारलं नाई. तुमी त्याईच्या शब्दाले पानी मारून राहिले.”

“दादाच्या मानासाठी...”

“त्याईनं पोरीसाठी सुपारी फोडली. तो त्याईचा मान. हे दगडं नाईत.” त्या मोठ्याने बोलत नव्हत्या. रोज ‘बरं’ म्हणत तोच आवाज होता. “मी बरं म्हनत गेली, चूक माही हाय. आता म्हनत नाई.” त्या वच्छलेकडे वळल्या. “पोरी, तुही मर्जी काय हाय?”

“मामाजीनं इचारलं तवाच सांगतली होती,” वच्छला म्हणाली.

बैठकीवरचा एक व्यापारी म्हणाला, पाट लावायचाच तर लावा बापडे, पण रीतीप्रमाणे अंधार पडल्यावर, घराच्या मागं. सवाष्णींच्या नजरेला ते पडू नये.

“काहून?” मनकर्णाबाईंनी विचारलं. “चोरी हाय काय? पाटाच्या नवरीले विधवेनं नटवाची रीत हाय. मी विधवाच हाय. दिवसा नटवतो.”

बाजारातल्या कासारणीने न विचारता टोपली पुढे आणली. मनकर्णाबाईंनी सुनेच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. हात आखडलेला होता, बांगडी चढेना. त्या हळूहळू दाबत राहिल्या. माघात याच हातांनी त्यांनी स्वतःच्या बांगड्या उतरवल्या होत्या. पार्बताबाईने पदराच्या गाठीतून काळ्या मण्यांची पोत सोडली. ती तिने हिवाळ्यापासून जपली होती. सहदेव घामाने भिजलेला पुढे आला. त्याने पोत बांधली आणि मनकर्णाबाईंच्या पाया पडायला वाकला.

निम्मा मांडव तोवर उठून गेला होता.

गाडी जुंपली. वच्छलेने रीतीप्रमाणे पदर तोंडावर ओढला, कारण पाटाची नवरी उजाडायच्या आत, तोंड झाकूनच जाते. मनकर्णाबाईंनी तो मागे केला. “झाकू नोको,” त्या म्हणाल्या. “जाय. अन् फनी इसरली तं तिकडं नवी घेजो.”

वच्छला रडू लागली. गाडी भर बाजारातून, भर उन्हात अंजनगावच्या वाटेला लागली.

मनकर्णाबाई पाणपोईत जाऊन बसल्या. डोईवरचे पांढरे केस पदराखालून दिसत होते. बराच वेळ कोणी आलं नाही. मग एक गाडीवान आला, त्याच्या मागून धोपटी काखेत मारून न्हावी. मग ते मिशीवाले अडते. मोठी माणसं मात्र वैशाखाच्या उन्हात कोरड्या घशाने आपापल्या घरी गेली. गार पाणी भरलेलं असताना तहानेलं राहणं हीसुद्धा प्रतिष्ठाच, आणि ती आपल्या घरांतून अजून गेलेली नाही.

मांडव रिकामा झाला तेव्हा एकटे नत्थुजी खांबाला टेकून उरले होते. गंध घामाने ओघळलं होतं. सकाळपासून ते उपाशी होते. मनकर्णाबाईंनी ओगराळं भरून पुढे धरलं.

“या भाऊजी. दादाच्या नावाचं हाय.”

ते कितीतरी वेळ त्या केसांकडे पाहत राहिले. मग उपरणं बाजूला सारून खाली बसले आणि ओंजळ पुढे केली. पाणी पडू लागलं, ओंजळीतून निसटून मनकर्णाबाईंच्या पायांवर उडालं.

गार होतं. माघापासून पहिल्यांदा त्यांना ते जाणवलं, आणि ओतता ओतताच त्या रडू लागल्या.