ओल्शांकाला गेलेली काळी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी मोटार आहे. वोल्गा माझे नाव. रशियातल्या ज्या नदीच्या काठी माझा कारखाना होता, तिचेच नाव मला मिळाले. आता माझे एक दार गंजून बसले आहे आणि मागच्या सीटवर एक पिवळी कोंबडी रोज अंडे घालते. मी तिला काही म्हणत नाही. त्या सीटवर याहून कितीतरी त्रासदायक मंडळी बसून गेली आहेत.

कारखान्यात माझ्यावरून शेवटचा हात एका बाईने फिरवला. तिला सर्दी झाली होती. शिंकत शिंकतच तिने माझा टप पुसला आणि म्हणाली, "जा गं, चांगल्या घरी पड." मग मला आगगाडीवर चढवून पोलंडला पाठवले, आणि वॉर्सात मी जनरल सेवेरिन ड्राबिक यांच्या घरी पडले. ते घर चांगले होते की नाही, हे ठरवायला मला फार वर्षे लागली.

साहेबांची हकिगत मला त्यांचा ड्रायव्हर अल्बिन याच्याकडून कळली. ड्रायव्हर लोकांना वाट पाहण्याशिवाय दुसरे काम नसते, त्यामुळे ते बोलतात. साहेब मूळचे खेड्यातले. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबायचे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा साहेबांना मिसरूडही नीट फुटले नव्हते. बंदुकीला पट्टा नव्हता, म्हणून ती सुतळीने खांद्याला बांधून ते नव्या कम्युनिस्ट सरकारच्या शिपायांत गेले. गरिबांचे राज्य येणार यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. मग ते लेफ्टनंट झाले, मग कर्नल, मग जनरल. प्रत्येक बढतीबरोबर त्यांचा कोट चांगला होत गेला आणि बोलणे कमी होत गेले. मी आले तेव्हा ते सुरक्षा खात्यात दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर होते. त्यांचे काम एकच, माहीत असणे. कोणत्या स्वयंपाकघरात कोण काय बोलले, कोणत्या फादरने प्रवचनात काय सुचवले, कोणत्या विनोदावर कोण हसले, सगळे.

आणि मला लोक घाबरत. पांढऱ्या पडद्यांची काळी वोल्गा मुले पळवते, अशी आवईच उठली होती. मी वळणावर दिसले की अंगणातली पोरे चेंडू टाकून जिन्यात पळायची. मित्रांनो, मी एकही मूल कधी पळवले नाही. पण आयांना मुले संध्याकाळी घरात आणायला माझा उपयोग व्हायचा, तेवढेच समाधान.

ते पांढरे पडदे साहेबांची आई अपोलोनिया स्वतः धुवायची. बटाट्याच्या खळीत बुडवून कडक वाळवायची. "अल्बिन, गाडीचे परकर काढून दे रे," असे म्हणायची. ज्या गाडीला सगळे शहर टरकायचे, तिला परकर असतात हे फक्त त्या दोघांना ठाऊक होते. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

एका वसंतात साहेबांच्या लेकीला, लुत्सिनाला, मुलगा झाला. नाव कायेतान. त्याच वर्षी खात्याचे प्रमुख निवृत्त व्हायचे होते. त्यांची खुर्ची एक तर आमच्या साहेबांना मिळणार होती, नाही तर कर्नल रुसेकला. रुसेकला ती फार हवी होती. आणि सरकार तर देव न मानणारे होते. खात्यातला माणूस चर्चच्या दारात दिसला, तर नवी खुर्ची राहू द्या, असलेलीही जायची.

अशात एका दुपारी आई आणि मुलगा मागे बसले होते.

"सेवेरिन, पोर चार महिन्यांचं झालं. अजून बाप्तिस्मा नाही."

"आई, गाडीत नको."

"मग कुठे? घरात म्हणतोस टेलिफोन ऐकतो. त्या टेलिफोनमधे ऐकणारा तूच बसवलास ना?"

अल्बिनला अचानक समोरचा आरसा पुसावासा वाटला.

"माझे आता किती दिवस राहिलेत?" आजी म्हणाली. "पणतू तसाच ठेवून वर गेले, तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?"

नदीवरच्या पुलावर आलो तेव्हा साहेब म्हणाले, "अल्बिन, शनिवारी गाडीचं काम काढ. दिवस जाईल ना त्यात?"

"कसलं काम, साहेब?"

"ते तुझं तू बघ. मला कळता कामा नये."

सगळे माहीत असणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माहीत नसू दे म्हणून सांगितले होते.

शनिवारी माझे परकर उतरवले, नंबराची पाटी बदलली आणि आम्ही निघालो. मागे आजी, डोक्याला रुमाल बांधलेली लुत्सिना आणि तिच्या मांडीवर कायेतान. जायचे होते पूर्वेकडे, पार बुग नदीच्या काठी, ओल्शांका नावाच्या खेड्यात. तिथे ड्राबिकांना कुत्रेदेखील ओळखत नव्हते.

मला चर्चच्या मागे, फादरांच्या घराशेजारी उभे केले. आजी आणि लुत्सिना बाळाला घेऊन आत गेल्या. पण वाळके गवत उलटण्याचे दिवस होते, सगळे गाव शेतात होते, आणि मी धुळीचा लोट उडवत आले होते. काळ्या वोल्गाला परकर असोत वा नसोत, पोरे ओळखतातच. ती ओरडत शेतात धावली, "फादरना न्यायला आले, फादरना न्यायला आले!"

थोड्याच वेळात बायकांनी मला वेढले. प्रत्येकीच्या हातात गवताचे दाताळे. सर्वांत पुढे गेनोवेफा नावाची एक रुंद खांद्यांची बाई होती, बाह्या वर सारलेल्या, केसांत गवताच्या काड्या. तिच्या धाकट्या भावाने सरकारविरोधी पत्रके वाटली म्हणून याच सुरक्षा खात्याने त्याला दोन हिवाळे तुरुंगात ठेवले होते.

"काय हो पाहुणे, आमच्या फादरना कुठं नेताय?" तिने अल्बिनला विचारले.

"मी कुठं नेतोय? गाडी तर उभी आहे."

"मग उभीच राहू दे. चाकांत हे घुसवलं की राहील उभी."

"बाई, टायर सरकारी आहेत."

"असं होय? मग तर घुसवतेच."

कोणीतरी माझ्या दाराला लाथ मारली. तो पोचा अजून आहे. तेवढ्यात चर्चचे मागचे दार उघडून स्वतः फादर बाहेर आले, मागोमाग बाळाला घेऊन लुत्सिना आणि आजी. अंगावर बाप्तिस्म्याचा झगा, चेहऱ्यावर गोंधळ.

"अल्बिन कोण? गॉडफादर ना तुम्ही? या आत. आणि गॉडमदर कुठे आहे?"

अल्बिनने लुत्सिनाकडे बघितले, लुत्सिनाने आजीकडे. मित्रांनो, सगळे ठरवले होते. रविवार नको, गर्दी असते. शेजारीण नको, बोलेल. मैत्रीण नको, तिचा नवरा विचारेल. असे एकेकीला गाळता गाळता गॉडमदरच, म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाला हातांत धरणारी धर्ममाताच, राहून गेली होती. लपवण्यात मुरलेल्या घराचीच ही चूक. आणि गॉडमदर नाही तर बाप्तिस्मा नाही, असे फादरांचे म्हणणे पडले.

तेव्हा अपोलोनिया आजी पायऱ्या उतरून त्या बायकांसमोर येऊन उभी राहिली.

"ऐका बायांनो," ती म्हणाली. "या पोराचा आजा जनरल ड्राबिक. सुरक्षा खात्यातला. मी त्याची आई. फादरना कोणी नेत नाही. आमच्या बाळाला गॉडमदर नाही. तुमच्यातली कोणी होईल का?"

लुत्सिना पांढरी फटक पडली. एका वाक्यात बापाची खुर्ची गावच्या चव्हाट्यावर आली होती. त्या गर्दीतल्या एकीने जरी पोलीस चौकीत जाऊन दोन शब्द सांगितले असते, तरी सगळे संपले असते.

कोणी हलले नाही. आमच्याकडे गॉडमदर व्हायला विचारले, तर नाही म्हणत नाहीत. नाही म्हटले तर ते बाळाच्या अंगाला लागते. पण ते नाव ऐकल्यावर हो तरी कोण म्हणणार? सगळ्या गेनोवेफाकडे बघत होत्या. ती बाळाकडे बघत होती. बाळ तिच्या केसांतल्या काड्यांकडे बघत होते.

तिने दाताळे शेजारणीच्या हातात दिले. "धर गं," ती म्हणाली, "हात धुऊन येते."

निघताना आजीने गावकऱ्यांना काहीच सांगितले नाही. गप्प राहा म्हणून विनवले नाही. बस, गेनोवेफाचे दोन्ही गाल चुंबले आणि माझ्यात येऊन बसली.

काळी गाडी कुठे कुठे दिसते, यावर रुसेकचे बारीक लक्ष होते. ओल्शांकाच्या रस्त्यावर कोणा जंगलरक्षकाने मला पाहिले, आणि पुढच्याच आठवड्यात कर्नल रुसेक स्वतः त्या गावात हजर झाला. त्याच्या ड्रायव्हरने नंतर अल्बिनला सगळे सांगितले, हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते.

"गाडी कशाला आली होती?" रुसेकने मोच्याला विचारले.

"बदकं घ्यायला."

शाळामास्तरला विचारले. बदके. फादरांच्या स्वयंपाकिणीला विचारले. बदके.

"कोणी घेतली?"

"एक म्हातारी होती."

"बरोबर एक बाळ होतं म्हणे?"

"असेल की," गेनोवेफा म्हणाली. "पण बाळ कशाला बदकं घेईल? तुम्हाला हवंय का एखादं?"

रुसेकला काहीतरी करणे भाग होते, म्हणून त्याने एक घेतले. वॉर्सापर्यंत त्या बदकाने त्याच्या सीटची जी अवस्था केली, ती मी इथे सांगत नाही. पाने पिवळी पडायच्या आत आमच्या साहेबांना प्रमुखाची खुर्ची मिळाली.

त्या दिवशी पुलावर अल्बिन म्हणाला, "साहेब, ते गाडीचं काम... गावानं तोंड उघडलं नाही."

"कोणतं गाव?" साहेब म्हणाले. आणि पूल संपल्यावर, "जरा काच खाली घे."

पुढची वर्षे मी गोड करून सांगणार नाही. त्या खुर्चीत बसून साहेबांनी केले त्यातले पुष्कळ चांगले नव्हते. एका हिवाळ्यात लष्करी कायदा पुकारला गेला; चौकाचौकांत सैनिक कोळशाच्या शेगड्यांभोवती उभे होते, आणि माणसांना बिछान्यातून उचलून नेत होते. त्या हुकमांवर सही करणारा हात माझ्याच सीटवर हातमोजे चढवत असे. ओल्शांकाने गप्प राहून चूक केली का, असे मला तेव्हा वाटायचे. अजूनही उत्तर सापडलेले नाही. अपोलोनिया आजी गेली तेव्हा चर्चमध्ये घंटा वाजत होत्या आणि तिचा मुलगा फाटकाबाहेर मला टेकून उभा होता, कारण प्रमुखाने आत जायचे नसते. आणि त्या सगळ्या वर्षांत गेनोवेफाला तिचा गॉडसन एकदाही दाखवला गेला नाही. जनरलच्या फाटकातून शेतकरणीला आत कोण सोडणार?

मग साहेबांना नवी गाडी आली आणि मी भंगाराच्या रांगेत गेले. तिथून मला अल्बिनने उचलले. त्याच्या अंगणात माझ्या चाकाला टेकून मेपलचे रोप वर आले, पण पावसाळी दिवसांत तो माझ्यावर जुनी चादर घालायचा. मला आणखी काय हवे होते?

आणि एक दिवस ते सरकारच गेले. खुर्ची गेली, गाडी गेली, जिन्यात नमस्कार करणारे शेजारी गेले. एका सकाळी अल्बिनच्या अंगणात एक म्हातारा उभा. हातातल्या जाळीच्या पिशवीत एक कोबी.

"अल्बिन, ही चालते का रे?"

"ढकलली तर चालते, साहेब."

"ओल्शांकाला जायचं आहे."

त्या गावाचे नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

गेनोवेफा गोठ्याच्या दारात होती. केस पांढरे, खांदे तसेच. साहेबांनी टोपी काढली. सगळ्या देशाला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळवता येत नव्हते.

"मी ड्राबिक. त्या वेळी तुम्ही सगळ्यांनी... मी कधी आभार मानले नाहीत."

"तुमच्यासाठी नव्हतं हो ते," गेनोवेफा म्हणाली. "तुमच्यासाठी मी एक बदकही लपवलं नसतं. माझा भाऊ तुमच्या तुरुंगापासून अजून खोकतोय. ते पोरासाठी होतं." मग तिने साहेबांच्या मागे, माझ्या काचांतून आत बघितले. "एकटेच आलात? माझं पोर कुठे आहे?"

साहेब हातातल्या टोपीच्या आत बघू लागले.

"इतकी वर्षं मी तोंड मिटून बसले, आणि मला बघायला मिळालात तुम्ही! वा. त्याला माहीत तरी आहे का मी आहे म्हणून?"

"नाही."

"मग सांगा. आणि रविवारी घेऊन या. खसखशीची पोळी करते. आता जा, मला धार काढायचीय."

परतीच्या वाटेवर साहेब पुढे, अल्बिनच्या शेजारी बसले. वॉर्सा येईपर्यंत ते एकच वाक्य निरनिराळ्या तऱ्हेने पुटपुटत होते, "कायेतान, तुला एक गोष्ट सांगायची आहे."

रविवारी माझ्यातून एक उंच, लाजरा मुलगा उतरला. त्याचे दार उघडून साहेब उभे राहिले, अगदी अल्बिन उभा राहायचा तसे. गेनोवेफाने एप्रनला हात पुसले. कपाळावर क्रूस काढायचा तर तिचा हात पोचेना, म्हणून मुलगा वाकला. "केवढा झालास रे," ती म्हणाली, आणि त्याला घरात घेऊन गेली. दारात पोचल्यावर तिने मागे वळून साहेबांना हाक मारली, "तुम्ही काय बाहेरच उभे राहणार? या."

आणि ते गेले.

मित्रांनो, मी भाग्यवान गाडी आहे. लोकांनी मला भिऊन दारे लावली, तरी एका गावाने मला उघडे दार दाखवले. तुमच्याही गल्लीत एखादी गंजकी गाडी किंवा नकोसे वाटणारे म्हातारे माणूस असेल. त्यांच्या अंगावरचे पोचे एकदा तरी जवळून बघा, आणि ते कसे पडले हे विचारायला थांबा. आणि माझ्याकडे कधी आलात, तर मागचे दार हळू उघडा. कोंबडी बसलेली असते.