बटणावरची पट्टी

वायरमनने हीटर उलटा केला आणि तोंड फिरवलं. तीस वर्षांच्या धंद्यात त्याने उपकरणांच्या पोटात भाजलेली झुरळं पाहिली होती, वाळलेल्या पाली पाहिल्या होत्या. एका मिक्सरमधून तर आख्खी कवळी निघाली होती. पण या हीटरमधल्या पंख्याच्या पात्यांना चिकटलेला तेलकट, केसाळ गोळा बघून त्याने आधी हातमोजे चढवले. जाळीत मोज्यांचे धागे जळून बसले होते. शिवाय नखं. पायाची.

घर म्हाताऱ्याचं. वर्षापूर्वी मुलगा ‘बाबांना सोबत’ म्हणून येऊन राहिला होता. काल हीटरखालची सतरंजी जळाली. बाबांचं भान सुटलंय, एक दिवस घर पेटवतील, हे त्याने वायरमनला जिन्यातच ऐकवलं होतं. वृद्धाश्रमात खोली सांगून ठेवली होती. हीटरशी कुणी खेळ केलाय एवढं जाणकाराने म्हटलं, की आजच बाबांना पोहोचवून यायचं.

तळाला एक बटण असतं. हीटर उभा असला की ते जमिनीवर दाबलेलं राहतं. कलंडला की सुटतं आणि हीटर बंद पडतो. इथे ते कायमचं दाबून टाकलं होतं, पायाच्या कुरुपावर लावतात तसल्या गोल पट्टीने. तीही वापरलेली. मधोमध पिवळट कातडीचा टवका. म्हणजे हीटर उताणा निजवून जाळीवर ओले मोजे पसरायची सोय.

वायरमनने पट्टी चिमट्याने सोलली.

“बघा, हे असं करतात,” मुलगा म्हणाला.

म्हातारा खुर्चीत बसून पायांना तेल चोळत होता. पाय नुकत्याच न्हालेल्या बाळासारखे, कुठे चरा नाही. मुलाच्या चपलेतून मात्र करंगळी डोकावत होती. तिच्यावर तशीच गोल पट्टी, ताजी. वायरमन तोंड उघडणार, तोच म्हातारा म्हणाला,

“माझीच ती. मीच लावली.”

मुलगा जरा गडबडला, मग फोन करायला आत गेला.

वायरमन खुर्चीशी वाकला. “काका, तुमच्या पायाला कुरूप नाही. सांगतो त्याला तोंडावर. घर तुमचं आहे.”

“गप्प बसा हो,” म्हातारा कुजबुजला. “वर्षभर त्याची नखं मी जेवणाच्या टेबलावरून वेचतोय. पोटच्या पोराला जा म्हणवत नाही. तिकडची खोली बघून आलोय मी. न्हाणीघर स्वतंत्र आहे. फरशी अशी, की वर पान मांडावं.”

मुलगा परत आला. वायरमनने त्याला बजावलं: हा हीटर भंगारात घाला. नवा घ्याल तो थेट भिंतीच्या प्लगला जोडा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. पडदे, गादी, कपडे हातभर नव्हे, चांगले तीन फूट लांब. खोलीतून उठलात की बंद. आणि बटणाला हात लावायचा नाही.

“हे मला कशाला सांगताय?”

“आता घरात तुम्हीच राहणार ना.”

“आणि बाबांचं काय करू?”

वायरमनने पिशवीची चेन ओढली.

“न्या. उशीर करू नका.”

म्हाताऱ्याने पंचा डोळ्यांना लावला आणि असा एक हुंदका दिला, की वायरमनलासुद्धा क्षणभर वाईट वाटलं.