दोघांनी ऐकलेलं भाकीत

हॉस्पिटलच्या लाँड्रीत दुपारची पाळी संपली की घड्या घालायचं लांबलचक टेबल भिंतीला सरकवायचं आणि नाटकाची तालीम धरायची, असा नेम ठरला होता. नाटक जुनं, डोळ्यांतून पाणी काढणारं. रानात तीन चेटकिणी एका सरदाराला आणि त्याच्या सोबत्याला भेटतात, सरदाराला तू राजा होणार म्हणतात. सरदार झोपलेल्या म्हाताऱ्या राजाचा जीव घेतो, गादीवर बसतो आणि त्या गादीपायीच मरतो. इस्त्रीच्या यंत्राची वाफ सोडली की चेटकिणींना आयतं धुकं मिळे. थोरली चेटकीण झाली होती फाटक्या चादरी शिवणारी बाई आणि सरदार तिचा धाकटा भाऊ, बॉयलर सांभाळणारा.

बाईची सात वर्षांची लेक शाळा सुटली की तिथेच येऊन बसे. एकदा तिने अख्खं नाटक पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती एकदम गुणी झाली. उड्या नाहीत, पळापळ नाही, खुर्चीत बसली की बसली. बाप म्हणाला, "कुणाची पोर उचलून आणलीस?"

आईही खूश होती. पण संध्याकाळी ती सवयीने म्हणाली, "नीट धर, सांडशील," आणि पोरीने दुधाचा पेला खाली ठेवला तो ठेवलाच. सकाळी आईने नुसतं तोंड उघडलं, तर तिने दोन्ही कान झाकून घेतले.

आईने तिला जवळ ओढलं. मांडीवर घेऊन गोंजारलं तेव्हा कुठे पोर बोलली.

"तू म्हणतेस ते होतं. मला म्हणालीस जिन्यावरून आपटशील, मी आपटले. मामाला म्हणालीस राजा होशील, तो झाला. म्हणूनच मेला."

"अगं, मामा आत्ता चहा पिऊन गेला."

"नाटकात मेला ना. तू बोललीस म्हणून."

तालमीला जाताच आईने भावाला बाजूला घेतलं. "मला नको हे काम. पोर माझ्या तोंडाला भ्यायला लागलीय."

"ताई, तुझ्या तोंडाला मी लहानपणापासून भितोय. मी कुठं काम सोडलं?"

तिला हसू आलं नाही. आजच्यापुरतं करते म्हणाली आणि वाफेत जाऊन उभी राहिली. पोर कोपऱ्यात कान झाकून बसलेली. भावाला त्याचं भाकीत सांगून झालं, तशी ती त्याच्या सोबत्याकडे वळली. ते काम चादरींची गाडी चालवणाऱ्या काकांकडे होतं. "तुझी मुलं राजे होतील," ती म्हणाली आणि थबकली. देवानेच सुचवलं म्हणायचं. तिने पोरीला हाताला धरून पुढे आणलं.

"काका, मी तुम्हालाही सांगितलं. मग तुम्ही काय केलंत?"

"मी? काही नाही. घरी गेलो."

"कुणाला मारलं नाहीत?"

"कशाला मारू? ऐकलं आणि सोडून दिलं."

पोरीने काकांकडे पाहिलं, मग मामाकडे. "मग तू का मारलंस?"

मामाने डोकं खाजवलं. "मला आधीपासूनच राजा व्हायचं होतं गं. चेटकिणींनी म्हटलं, मला निमित्त मिळालं. सुरा मीच उचलला, तुझ्या आईने नाही."

वाफ विरली. पोर आईकडे वळली. म्हणाली, "आई, मला काहीतरी सांग. चेटकिणीसारखं."

आईने घसा खाकरला, बोट रोखलं. "उद्यापासून तू एका हाकेत उठशील."

"अजिबात नाही," पोर म्हणाली आणि खुदकन हसली. "बघच तू. दहा हाका मारल्यास तरी नाही."

आईने तिला उराशी धरलं. लेकीने आपला शब्द असा उडवून लावावा आणि आपलं मन पिसासारखं हलकं व्हावं, असं तिच्या बाबतीत आजवर झालं नव्हतं. देवा, तुझे उपकार, ती पुटपुटली.

"ताई," भाऊ म्हणाला, "तुमचं झालं असेल तर मी मरून घेऊ का? बॉयलर बघायचाय."