घरातला पाय

आमच्या घरात पट्ट्यांची कमी न्हाई. माझा कमरेचा पट्टा खुंटीला, लेकाचा मानेचा टीव्हीवर, गुडघ्याच्या टोप्या दोरीवर वाळायल्यात. लेक योगीराज रोज परभणीला जाऊन दिवसभर कॉम्प्युटरपुढं मान घालून बसतोय, म्हनून त्याला मानेचा. मला वाकलं की पाठीत भरतंय, म्हनून कमरेचा. पन सगळ्यात वैताग दिला तो आमच्या ह्यांच्या, दिनकररावांच्या, पायाच्या पट्ट्यानं.

हे कीर्तनकार. वालूरला आमच्या मारुतीच्या देवळात जयंतीचा सप्ता बसतोय, त्यातलं काल्याचं कीर्तन ह्यांचंच. मी लग्न होऊन आले तवापासून तेच बगायलेय. दिवाळीनंतर हे मोटारसायकलवरून पडले. गुडघ्याजवळची नस दुखावली अन् उजवा पंजा उचलायचाच बंद झाला. चालताना पंजा खाली लोंबायचा, बोटं फरशीला अडकायची. परभणीला पट्टे बनवनाऱ्या मैथिलीताईनं मापाचा प्लास्टिकचा पट्टा करून दिला. पोटरीच्या मागून उतरतोय, टाचेखालून तळव्याखाली जातोय अन् पंजाला वर धरतोय. त्याच्यावरून बूट घालायचा. नस सुधारायला महिने लागतील, तवर ह्योच आधार, म्हनली.

रस्त्यानं हे एकदम झोकात. घरात मातर धडपड. उंबऱ्याला अडखळले, देवघरापुढं पडले, मोरीत पडले तवा कपाळाला टाके घालावे लागले. मग एक दिवस जेवताना म्हनले की औंदाचं कीर्तन दुसऱ्या कोनाला सांगा, उभं ऱ्हाता येत न्हाई. कीर्तन गेलं तर ह्या मानसात उरतंय काय? घासबी जायना गड्याला. मग मला आला राग, पट्ट्याचा अन् ह्यांचाबी. ह्यांना घेतलं, बसमधी बसवलं अन् गेले मैथिलीताईशी भांडायला.

ती पोरगी शांत. माझं सगळं ऐकून घेतलं अन् ह्यांना इचारलं, "काका, पडता तेव्हा पट्टा कुठं असतो?"

"बुटात," हे म्हनले. "दाराबाहीर. पायतान घरात कसं आनावं?"

मलाबी त्यात काई चुकीचं वाटलं न्हवतं, खोटं कामून बोलू. मग तिनं समजावलं की ह्यो पट्टा घरात जास्त घालायचा, बाहीर कमी. पन नुसतं प्लास्टिक फरशीवर घसरतंय, म्हनून तिनं दुसरा पट्टा केला, खालून रबर चिकटवलेला. ह्यो फकस्त घरातला. म्या त्याला नाव ठिवलं, घरातला पाय. रोज धुवायची अन् धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठिवायची. हे त्यो घालून घरभर हिंडायला लागले. एकदा बी पडले न्हाईत. मनात आलं की ह्यांच्या तोंडून अभंगबी निघायचा.

काल्याच्या दिशी आमी देवळापुढं गेलो. पायरीवर बसून ह्यांनी बूट काढला, पिशवीतून घरातला पाय काढून घातला. तेवढ्यात किशनराव आले. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष, ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. मानूस वाईट न्हाई, पन नेमाला पक्का. हळूच म्हनले की दिनकर, पायात काई घालून आजवर कोनी मारुतीपुढं उभं ऱ्हायलं न्हाई. त्यावर आमचे हे काय करतील? खाली मान घातली अन् पट्ट्याचा बंद सोडायला लागले. जिवापेक्षा ह्यांना भीड मोठी.

माझं डोस्कं फिरलं. म्या ह्यांचा हात धरला.

"किशनभाऊ, ह्यो रस्त्यावर कधी टेकला न्हाई," म्या म्हनले. "ह्यो जोडा न्हाई. ह्यो ह्यांचा पाय हाय."

किशनराव बाजूला झाले. ह्यांनी बंद परत आवळला अन् आत गेले.

कीर्तन रंगलं. टाळकऱ्यांसंगं हे पावली खेळले, धीमी, पन खेळले. माझी नजर सगळा वेळ त्या पंजावर. पट्ट्यानं त्यो वर धरला होता, एकदाबी अडकला न्हाई.

आमच्याकडं काल्याला अध्यक्षानं हार घालायचा अन् कीर्तनकाराच्या पायावर डोकं ठिवायचं, अशी रीत हाय. किशनराव हार घालून वाकले. एक पाय उघडा, एका पायात पट्टा. आता ते उघड्याच पायाला हात लावतील अन् उठतील, असंच मला वाटलं. किशनरावांनी दोन्ही पाय धरले अन् कपाळ टेकलं ते प्लास्टिकवर.

ह्यांनी त्यांना खांद्याला धरून उठवलं. हे म्हनले, "थंड लागला आसंल, किशन."

"पायच हाय की," किशनराव म्हनले.

म्या बायांमधी बसून रडले, पदर बी लावला न्हाई डोळ्याला.